उजव्या छातीवरचं पदक

माझा नवरा लॅसेल्स हट्टी आहे, हे आमच्या मँडेव्हिल गावात कुणालाही विचारा. महायुद्धात तो बॉम्ब टाकणाऱ्या विमानाच्या शेपटीत बंदूक घेऊन बसायचा. त्याबद्दल त्याला राजाचं पदक मिळालं. नोव्हेंबरात युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा रविवार आला, की सगळे म्हातारे आपापली पदकं डाव्या छातीवर लावून चौकात उभे राहतात. हा बाबा मात्र उजव्या. उजवी बाजू असते मेलेल्याच्या घरच्यांची, विधवेची, मुलाची. लोक हसायचे, आणि मी लग्न झाल्यापासून डोकं आपटून थकले होते.

यंदा माजी सैनिक मंडळाचे नवे चिटणीस चेंबर्स घरी आले. "लॅसेल्सदादा, पदक नीट लावा, नाहीतर रांगेत उभे राहू नका. पाहुणे येणार आहेत."

"मग नाही येत," म्हणून लॅसेल्स मागे कोनफळाच्या वेलांकडे निघून गेला.

त्याची छाती हल्ली भात्यासारखी वाजते. पुढच्या वर्षी चौकापर्यंत चालवेल की नाही, देव जाणे. आणि या एका सकाळसाठी हा माणूस वर्षभर बूट घासतो. मी तरीही त्याची पँट इस्त्रीला घेतली.

"ती कशाला?" तो दारात उभा राहून म्हणाला.

"डावीकडे लावलंस तर काय बिघडेल रे?"

तो खुर्चीत बसला. "आमच्या विमानात टॉम होता. विमान पेटलं तेव्हा मी बंदूक सोडली नाही, एवढंच माझं. आग त्याने विझवली, हातांनी. विमान उतरेपर्यंत तो गेला. हे पदक मेलेल्याला देत नाहीत, मर्ल. म्हणून मला दिलं."

"त्याच्या घरी पाठवायचंस."

"अनाथाश्रमातला पोरगा. घर कुठलं? युद्धात अंडी मिळत नसत; बॉम्ब टाकून परत आलेल्यांनाच एक तळलेलं अंडं मिळायचं. निघताना म्हणायचा, मी नाही आलो तर माझं तू खा."

"खाल्लंस?"

"खाल्लं. त्याच्या घरचा मीच होतो."

"इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू कधी विचारलंस? ओरडलीस फक्त."

ते खरंच होतं. न पाहिलेल्या त्या पोरासाठी मला रडू आलं. इस्त्रीखाली पँट जळता जळता वाचली.

रविवारी मी चर्चचा निळा झगा घातला, हॅट चढवली आणि राजाचं ते पदक माझ्या उजव्या छातीवर लावलं. लॅसेल्सच्या डाव्या छातीवर फक्त सगळ्याच सैनिकांना मिळालेली साधी, ताऱ्याच्या आकाराची पदकं होती.

"हे काय?" त्याने विचारलं.

"चल, उशीर होतोय."

चौकात चेंबर्सनी त्याची छाती पाहून मान डोलावली. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "मर्लीनबाई, उजवीकडे विधवा लावतात. तुमचे यजमान तर धडधाकट उभे आहेत."

"हे माझ्या दिराचं आहे."

"दादांना भाऊ होता?"

"होता. टॉम. युद्धात गेला."

चेंबर्सनी टोपी काढली. बिगुल वाजला. रांगेत मान वळवायची नसते, म्हणून लॅसेल्स समोरच बघत राहिला.

घरी येऊन मी तीन अंडी तळली. तिसरं कुणाचं, हे त्याने विचारलं नाही. ते आम्ही अर्धं अर्धं खाल्लं. टॉमच्या घरचे आता आम्ही दोघं होतो.