दोन माणसांची लेन

ओफेलिया किंतानार आणि व्हर्नेटा कोल्स नऊ वर्षं एकाच गाडीतून कामाला जात होत्या. दोघी फोंटानाच्या, घरांमध्ये जेमतेम चार गल्ल्यांचं अंतर. नोकरीही पॅसाडेनातल्या एकाच हॉस्पिटलात. ओफेलिया तळघरात, ऑपरेशनची हत्यारं धुऊन, वाफेत घालून निर्जंतुक करायची. व्हर्नेटा वर एक्स-रेच्या खिडकीशी बसायची.

रस्ता चाळीस मैलांचा. दोनशे दहा नंबरच्या हायवेवर सगळ्यात डावीकडची लेन कारपूलची. गाडीत निदान दोन माणसं असतील तरच तिच्यात शिरायचं, एकट्याने शिरलं तर दंड. उजवीकडच्या लेनमध्ये गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत असायच्या आणि या दोघी त्यांच्या शेजारून पाऊण तासात पार व्हायच्या. ओफेलिया घरून फॉइलमध्ये गुंडाळलेले अंड्या-बटाट्याचे बरितो आणायची. सुनेच्या तक्रारी, गुडघ्यांची दुखणी, कुठल्या डॉक्टरचं कुठल्या नर्सशी जुळलंय, सगळं त्या गाडीत बोलून व्हायचं. खरं तर बोलायची ओफेलिया. व्हर्नेटा गाडी चालवायची आणि मध्येच एखादा शेरा असा मारायची, की ओफेलियाला हसता हसता ठसका लागायचा.

२०२२ च्या वसंतात व्हर्नेटाने विजेवर चालणारी गाडी घेतली. तेव्हा अशा गाडीला सरकार एक स्टिकर देत असे. तो लावला, की कारपूलच्या लेनमधून एकट्यानेही जाता यायचं.

"माझी शिफ्ट बदलतेय गं," व्हर्नेटा म्हणाली. "आता आपलं जमायचं नाही."

"अगं, मग त्यात काय! नशीब तुझं, निदान माझी बडबड तरी सुटली," ओफेलिया हसत म्हणाली. तिला खरंच वाटलं होतं, की शिफ्ट बदलली असेल.

पुढच्या सोमवारी तिचा नवरा नाचो तिला आपल्या ट्रकमधून सोडायला निघाला. ट्रकमध्येही माणसं दोनच, म्हणून तेही डावीकडच्याच लेनमध्ये. अझूसाजवळ त्यांच्या पुढेच एक नवी कोरी पांढरी गाडी होती. स्टिकर चकाकत होता. नेहमीचीच वेळ, नेहमीचाच रस्ता आणि आत व्हर्नेटा एकटी.

नाचोने वळून ओफेलियाकडे पाहिलं. ओफेलिया म्हणाली, "समोर बघून चालव."

त्यानंतर तिने व्हर्नेटाला काही विचारलं नाही. जिन्यात गाठ पडली तर दोघी मान हलवायच्या, एवढंच. हॉस्पिटलातल्याच सात जणांनी मिळून एक व्हॅन भाड्याने घेतली होती, तिच्यात ओफेलियाला जागा मिळाली. डेल नावाचा एक धिप्पाड माणूस ती चालवायचा. पहाटे पाच वीसला निघायचं, दुपारी तीन चाळीसला परत निघायचं. मिनिटभर उशीर झाला तरी डेल थांबायचा नाही. ओफेलिया व्हॅनमध्ये रुळली. शेजारच्या बाईकडून क्रोशाचं काम शिकली, तीन नातवंडांच्या टोप्या विणून झाल्या. पण आठवड्यातून एकदा तरी ती पांढरी गाडी शेजारून जायचीच. आत व्हर्नेटाचे ओठ हलत असायचे, कधी मोठमोठ्याने, जणू कुणाशी तावातावाने भांडतेय. फोनवर असेल, असं ओफेलियाला वाटायचं. बोलायला कुणीतरी आहे म्हणायचं तिला.

अशी साडेतीन वर्षं गेली.

मग स्टिकरची मुदत संपली. सप्टेंबरच्या तीस तारखेनंतर विजेच्या गाड्यांची सवलत बंद. दोन महिने नुसती समज देऊन सोडतील, डिसेंबरपासून दंड. व्हॅनमध्ये दोन दिवस हाच विषय चालला होता.

"बरं झालं," डेल म्हणाला. "आमच्या लेनमध्ये नुसती एकटी माणसं भरली होती. आता या म्हणावं रांगेत."

सगळे हसले. ओफेलियाही हसली, आणि नंतर खिडकीबाहेर बघत बसली.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ती कॅन्टीनमध्ये सूप घेऊन बसली होती. व्हर्नेटा येऊन समोर उभी राहिली. केस बरेच पांढरे झाले होते.

"बसू का?"

"खुर्ची काही माझ्या मालकीची नाही."

व्हर्नेटा बसली. पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत, सोडत राहिली. मग म्हणाली, "पुन्हा बरोबर जायचं का? मीच चालवीन. पूर्वीसारखं."

ओफेलियाने चमचा खाली ठेवला. हे वाक्य तिने मनातल्या मनात शंभर वेळा ऐकलं होतं, त्याचं उत्तरही घोळवून ठेवलं होतं. ते आता आपसूक बाहेर पडलं.

"साडेतीन वर्षं मी तुला ओझं झाले होते. आता पोलिसांना दाखवायला शेजारी ओझं हवंय, तेव्हा आठवण झाली होय? एखादा बाहुला का नाही बसवत? टोपी घाल त्याला. तो बडबडणारही नाही."

"बरोबर आहे तुझं," एवढंच म्हणून व्हर्नेटा उठून गेली. सूप गार झालं. उत्तर बिनतोड होतं, पण ओफेलियाला त्याचं काही समाधान वाटलं नाही.

डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी व्हॅन परतीच्या वाटेवर होती. ग्लेंडोराच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला पोलिसाची मोटरसायकल दिवे लुकलुकवत उभी होती आणि तिच्या पुढे ती पांढरी गाडी. व्हॅन गर्दीत हळू झाली होती, त्यामुळे आतलं नीट दिसलं. पोलीस काचेशी वाकून लिहीत होता. व्हर्नेटाचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ती दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून रडत होती. नुसते डोळे पुसणं नव्हे, खांदे हलत होते.

"सापडली एक," मागून कुणीतरी म्हणालं.

"गप्प बस रे," ओफेलिया म्हणाली, इतक्या जोरात की डेलने आरशातून पाहिलं.

दंडासाठी एवढं कुणी रडत नाही. आणि व्हर्नेटा तर नाहीच. नऊ वर्षांत तिला आईच्या दफनाच्या दिवशीसुद्धा असं रडताना ओफेलियाने पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती वर एक्स-रेच्या खिडकीशी गेली.

"चल बाहेर," ती म्हणाली. "काय झालंय ते सांग. आणि शिफ्टची गोष्ट पुन्हा सांगू नकोस."

पार्किंगच्या भिंतीला टेकून व्हर्नेटाने सांगितलं. तिचा नवरा लिओनेल शाळेत बँड शिकवायचा. चार वर्षांपूर्वी तो घरचा रस्ता विसरायला लागला. मग गाण्यांची नावं, मग माणसांची. सकाळी मुलगी थांबायची, आठपासून एक बाई यायची. ती साडेचारच्या ठोक्याला निघायची. तिला पुढे दुसऱ्या घरी जायचं असे. डावीकडच्या लेनने आलं तर व्हर्नेटा चार वीसला घरी पोचायची. स्टिकर बंद झाल्यापासून सव्वापाच व्हायचे. गेल्या आठवड्यात त्या पाऊण तासात लिओनेल अनवाणी थेट पेट्रोलपंपापर्यंत गेला होता. म्हणून काल तिने लेन धरली आणि नेमकी पकडली गेली.

"मला का नाही सांगितलंस?" ओफेलिया म्हणाली. "तेव्हाच का नाही?"

"तुला सांगितलं असतं तर तू रोज विचारलं असतंस. आज कसा आहे, काल कसा होता, अमक्या डॉक्टरला दाखव, तमका काढा दे. आणि तू चांगल्या मनानेच विचारलं असतंस." व्हर्नेटाने तिच्याकडे पाहिलं नाही. "घरी तो, इथे पेशंट. मधला तेवढाच वेळ माझा होता गं. मी गाडीत ओरडायचे. देवाला शिव्या द्यायचे. कधी नुसती गात सुटायचे. तू शेजारी असतीस तर मला शहाण्यासारखं बसावं लागलं असतं."

म्हणजे फोन नव्हताच. ओफेलियाला राग येऊ पाहत होता, पण तो नेमका कुणावर काढावा हे उमजेना. आपण खरोखरच रोज विचारलं असतं, हे तिला ठाऊक होतं. काढाही नेला असता.

"व्हॅनमधली जागा मी सोडणार नाही," शेवटी ती म्हणाली. "एक माणूस कमी झालं तर बाकीच्यांना भाडं जड जाईल. सकाळी मी डेलबरोबरच येईन. सकाळी तू उजवीकडच्या लेनमधून ये, जरा लवकर निघ, हवं तेवढं ओरड. परतताना मी तुझ्याबरोबर."

"आणि तुझं काय? तुला पाच-दहा मिनिटं लवकर घरी पोचण्यापलीकडे काय मिळणार?"

"नाचोला तेवढा वेळ जास्त पिडता येईल."

व्हर्नेटाला हसू आलं, आणि हसता हसताच तिने नाक पुसलं.

सोमवारी साडेतीनला ओफेलिया पांढऱ्या गाडीत बसली. तोंडाला कुलूप लावायचं, असं तिने रात्रीच ठरवून ठेवलं होतं. कायद्याला शेजारी माणूस हवा, गप्पा नकोत. तिने क्रोशाचं काम मांडीवर घेतलं. मोन्रोव्हिया गेलं, अझूसा गेलं, डोंगर उन्हात तपकिरी दिसत होते. ओफेलियाच्या जिभेला मुंग्या आल्या. पण बोलायचं नसल्यामुळे ती बघत राहिली आणि तिला व्हर्नेटाचे हात दिसले: नखं कुरतडलेली, मनगटावर ओरखडा. लिओनेल कधीकधी अंगावर धावून जात असणार. तिने विचारलं नाही.

सॅन दिमासपाशी व्हर्नेटा आपणहून म्हणाली, "काल त्याने मला 'मॅडम' म्हटलं. फार अदबीने. मॅडम, तुमचे यजमान घ्यायला येणार आहेत का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, येतील. वाटेत आहेत."

ओफेलियाने सुई खाली ठेवली आणि तिच्या दंडावर हात ठेवला. फोंटाना येईपर्यंत दोघी पुढे बोलल्या नाहीत, आणि ओफेलियाला ते जडही गेलं नाही.

असं तीन महिने चाललं. रोजच शांतता होती असं मात्र नाही. ओफेलिया ती ओफेलियाच. जानेवारीत एकदा तिने काढ्याचा विषय काढलाच, तेव्हा व्हर्नेटाने रेडिओचा आवाज वाढवला. दुसऱ्या दिवशी ओफेलियाने बरितो आणून मुकाट्याने तिच्या पर्सशेजारी ठेवला.

मार्चमध्ये लिओनेलला पॅसाडेनातल्याच, अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत ठेवावं लागलं. व्हर्नेटा सुट्टी झाली की तिकडे जाऊन सहापर्यंत बसू लागली. घरी आता कुणी वाट बघत नव्हतं. कुठल्या लेनने जायचं हा प्रश्नच उरला नाही.

"तू आता सुटलीस," ती ओफेलियाला म्हणाली. "डेलबरोबर वेळेवर घरी जा."

सोमवार ते गुरुवार ओफेलिया डेलबरोबर जाते. शुक्रवारी नाचोला सांगून ठेवलेलं असतं, जेवण गरम करून घे. त्या दिवशी ती व्हर्नेटाबरोबर संस्थेत जाते. लिओनेल खिडकीशी बसलेला असतो. ओफेलियाला तो एखाद्या विद्यार्थ्याची आई समजतो आणि पोरगा सराव करत नाही अशी तक्रार करतो. ओफेलिया मान खाली घालून माफी मागते. "सर, या आठवड्यात नक्की करेल," ती म्हणते. व्हर्नेटा बाजूच्या खुर्चीत डोळे मिटून बसते. तेवढा वेळ तिला कुणाला उत्तर द्यावं लागत नाही.