मिठाने न खाल्लेली म्हैस

तळवलीच्या वेशीबाहेर सकाळपासून नुसती झुंबड उडाली होती. नेरूळच्या फ्लॅटांतली माणसं रिक्षा करून आली होती, गावच्या बाया डोक्यावर पदर घेऊन ताटकळल्या होत्या, आणि नारळ फोडून फोडून मातीचा चिखल झाला होता. दर्शन कुणाचं? तर मेलेल्या म्हशीचं!

गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या, त्याच्या पुढचाच हा उन्हाळा. लोकांची रांगेची सवय अजून मोडली नव्हती. गटाराचा चर खणताना गावातल्या गोजराची दिवाळीत पुरलेली म्हैस वर आली, ती कातडी-केसांसकट शाबूत. ना किडा, ना घाण वास. लगोलग कुठूनसे भूमानंद महाराज उगवले. त्यांनी म्हशीवर भगवी शाल पांघरली आणि खड्ड्याभोवती दोरी बांधली.

"भक्तांनो, मीठ काय करतं?" महाराज गरजले. "मीठ लोखंड खातं! पत्रा खातं! तुमच्या घराच्या भिंती खातं! या माउलीवर पोतीच्या पोती मीठ ओतलं, पण त्या मिठाची हिंमत झाली का हिला खायची?"

"नाही!" गर्दी ओरडली.

गावच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या वैजयंतीबाई कडेला उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना हा माणूस पहिल्यापासूनच खटकत होता. देवीला दोरी कशाला लागते? आणि रोज शाल बदलताना महाराज सगळ्यांना पाठ का फिरवायला लावतात? पण विचारणार कुणाला! जनावर पुरताना मीठ घातलं की त्याची लवकर माती होते, असं गावात आज्या-पणज्यांपासून चालत आलेलं. त्यातून मिठागर बंद पडलं होतं, मीठ नुसतं पडून होतं. म्हैस पोट फुगून मेली होती. वारा निघावा म्हणून पोटाला चीर दिली होती, त्या पोटातसुद्धा गोजराच्या नवऱ्याने मायेपोटी मीठ ठासलं होतं. एवढं करूनही माती झाली नाही, म्हणजे चमत्कारच की!

बाईंनी हे हसण्यावारी नेलं असतं. पण त्यांच्या जिवाला घोर होता तो गोजराच्या पारडीचा. मेलेल्या म्हशीची ती एकुलती लेक. उन्हाने जरा मलूल झाली, तर महाराजांनी तिला खड्ड्यात झिरपलेल्या पाण्याचं 'तीर्थ' सुरू केलं होतं आणि दुसरं पाणी बंद.

"बाई, पारडी उभी पन रात नाय," गोजरा रडकुंडीला आली होती. "लटलट कापतं गो जनावर. महाराज बोलतान, दुसरं पानी दिलंस तं मरंल."

"ढोरांच्या इसाक डॉक्टरांना बोलाव आधी."

"डाक्टर आला तं देवी कोपंल!"

नेरूळहून आलेले दिनानाथ शेजारीच होते, बँकेतले साहेब. "मॅडम, तुम्ही उगाच टेन्शन घेता. ही विभूती घ्या. महाराज स्वतः शालीखाली घालतात, खास ओळखीने मिळालीय."

बाईंनी पुडी घरी नेऊन खिडकीत ठेवली. सकाळी बघतात तो कागद ओलाचिंब! त्या तडक गोजराच्या चुलीपाशी गेल्या, मडक्यातून एक वस्तू काढून पदराआड घेतली आणि गोजराला ओढतच खड्ड्यावर आल्या.

"महाराज, विभूती म्हणजे राखच ना?"

"होमाची राख, बाळे."

"मग राखेला पाणी कसं सुटलं?" बाईंनी ओला कागद सगळ्यांसमोर धरला. "हवेने पाणी सुटतं मिठाला. शालीआडून रोज ताजं मीठ कशाला घालता?"

"नास्तिक! जीभ झडेल तुझी!"

बाईंनी पदराखालून खारा बांगडा काढला. "गोजरा, हा कधीचा?"

"थंडीतला."

"सडला कसा नाही?"

"सडंल कसा? खारवलाय नं त्याला. मिठान..." गोजरा बोलता बोलता थांबली. तिने बांगड्याकडे पाहिलं, मग म्हशीकडे.

पुढे उभी असलेली तिची जाऊ सखू फिसकन हसली. "अगो बाय! आपुन म्हस खारवली गो!"

गर्दीत हशा पिकला. बाईंना मात्र हसू येईना. "मीठ लोखंड खातं, ते खरंच. पण मांसातलं पाणी ते ओढून घेतं, आणि पाणी नाही तर सडणंही नाही. मिठाने माती होते, ही आपली समजूतच उलटी! आणि ते तीर्थ म्हणजे खारट पाणी. तहानेल्या जनावराला मीठ पाजतोय आपण!"

गोजरा केव्हाच बादलीकडे धावली होती. "एकदम नको, थोडं थोडं पाज!" बाई मागून ओरडल्या आणि डॉक्टरांना आणायला निघाल्या. तेवढ्या गडबडीत महाराज शाल टाकून रिक्षात बसले. दिनानाथ स्वतःजवळची दुसरी पुडी खिशात लपवत होते.

इसाक डॉक्टरांच्या औषधाने पारडी सावरली. त्यांनीच सांगितल्याप्रमाणे विहिरीपासून लांब, माणूसभर खोल खड्डा खणून म्हशीला पुन्हा पुरलं, बिनमिठाचं. पहिलं घमेलं गोजराने टाकलं.

"माजी म्हस देवी नव्हती, बाई," ती डोळे पुसत म्हणाली. "म्हस व्हती. पन लई गुनाची."

नारळ घेऊन अजूनही काही लोक घुटमळत होते. बाई त्यांना म्हणाल्या, "देवाला मानायचं तर माना. पण त्याच्या नावाने सांगायला येईल त्याला आधी प्रश्न विचारा. मेलेल्याला माती द्या आणि जित्याला पाणी."

तेवढ्यात गोठ्यातून पारडी रेकली. गोजरा हातातलं घमेलं टाकून धावली.