तुलसाबाईनं पिळलेलं दूध

गावात कुणाकडे लेकरू झालं की तुलसाबाईला बोलावणं यायचं. गोंदियाकडच्या गोरेगाव तालुक्यातल्या त्या लहानशा गावात पंचवीस वर्षांत तिच्या पायांवर न्हालं नाही असं पोर शोधूनही सापडलं नसतं. अंगात जोर होता आणि जिभेत त्याहून जास्त. नव्या आया घाबरून काहीबाही विचारायच्या, ती हसण्यावारी न्यायची. ढुंगणावर निळा डाग आहे? असतो, पोरगं चालायला लागलं की जातो. कातडी सोलते? सोलू दे, खालून नवी येते. टाळू उडते? उडणारच. यातलं बहुतेक खरंच असायचं, म्हणून तर तिचा शब्द चालायचा.

मग तिच्याच घरी नातू झाला. सून ओमेश्वरी चौथ्या दिवशी दवाखान्यातून आली, तेव्हा गावची आशा कार्यकर्ती नीला बाळाला बघायला आली. बाळाच्या छातीला दोन्हीकडे सुपारीएवढी सूज होती. नीलानं समजावून सांगितलं की पोरगा असो की पोरगी, आईच्या पोटातून आलेल्या हार्मोननं असं फुगतं, कधी दुधाचा थेंबही येतो. हात लावायचा नाही, आपोआप बसतं. नाळेलाही तेल-हळद काही नको.

तुलसाबाई दारात पाय पसरून ऐकत होती. दूध पिळून काढलं नाही तर मोठेपणी पोराची छाती बाईसारखी राहते, हे तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं, आणि सासूपुढे नीला म्हणजे कालची पोर.

"तुह्या रिंकूचं दूध कोनं काढलं होतं व? मीनंच ना?"

"तुमीच काढलं काकी," नीला म्हणाली. "त्याले काई झालं नाई, हे माह्यं नशीब."

हे बोलणं तुलसाबाईला झोंबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरची माणसं भाताच्या रोवणीला बांधीत गेली आणि तिनं नातवाला पायांवर घेतलं. जवसाचं तेल चोळलं, आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून पिळलं. पांढरा थेंब आला. पोर किंचाळलं. रोज तेच. तिसऱ्या दिवशी ओमेश्वरीनं दारातून पाहिलं, नीलाताईचं नाव काढलं. सासूनं डोळे वटारले, सून आत गेली.

पाचव्या दिवशी पोराची डावी बाजू लालभडक झाली. अंग तापलं, पोर दूध ओढेना. मुलगा योगराजनं ऑटो केला आणि सगळे गोंदियाला दवाखान्यात गेले. डॉक्टरनं झबलं वर केलं आणि सुनेकडेच पाहिलं.

"ये दबाया किसने? कोणी सांगितलं नव्हतं का तुला?"

ओमेश्वरीनं मान खाली घातली. तुलसाबाई कोपऱ्यात दुपट्यांची पिशवी धरून उभी होती. गावभर चालणारी जीभ तिथं टाळूला चिकटली. छातीत पू झाला होता. चीर देऊन तो काढला, सुया लागल्या, आणि योगराजनं बाहेर बायकोला नाही नाही ते ऐकवलं. तेही तुलसाबाईनं ऐकून घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तर अवलक्षण तिचं आणि भोग सुनेच्या वाट्याला.

दोन दिवसांनी पोर पुन्हा दूध ओढू लागलं. नातवाचा लंगोट बदलता बदलता तिनं हळूच विचारलं, "डॉक्टरपुढं तू काऊन नाई बोलली व?"

"मले वाटलं, तुमी बोलाल."

सून हे रागानंही बोलली नाही. रागावली असती तर तुलसाबाईला बरं वाटलं असतं.

डॉक्टर फेरीला आले तेव्हा ती खाटेच्या पुढे येऊन उभी राहिली. वॉर्डात आठ-दहा बाया होत्या, दारात योगराज होता.

"साहेब, मीनं दाबलं. सुनेनं नाई. तिले बोलू नोका."

डॉक्टरनं मान हलवली, आगे से मत करना म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. योगराज मात्र तिथंच उभा होता. त्यानं आईकडे पाहिलं नाही, बायकोकडेही त्याला पाहता आलं नाही.

घरी परतल्यावर दोन दिवसांनी गावातली धुरपताबाई आली. तिची लेक बाळंत झाली होती, पोरगी झाली होती, उद्यापासून न्हाऊ घालायला यायचं होतं. दवाखान्यातली गोष्ट अजून तिच्या कानावर गेली नसावी. पोराला नुसता ताप होता म्हणून सांगता आलं असतं, ओमेश्वरीही काही बोलली नसती. तुलसाबाईनं नातवाला मांडीवर घेतलं आणि झबलं वर केलं. डाव्या बाजूला चिरेचा लाल वण होता.

"पयले हे पाहून घे, धुरपता. हे माह्या हातचं आहे. मंग सांग, येऊ का नोको."

धुरपताबाईनं वाकून पाहिलं. चहा होईपर्यंतही ती थांबली नाही. उद्या सांगते म्हणाली, आणि आली नाही.