आयलीचा पट्टा

चौऱ्याहत्तर सालच्या गाड्यांना अमेरिकन सरकारनं अक्कल दिली होती. पुढच्या सीटवर वजन पडलं आणि पट्टा लागला नाही, की सेल्फ ढिम्म. आमच्या हॅनकॉकात पाद्रीबाईंनी नाताळची टर्की शेजारी ठेवली, तर तिलाही पट्टा बांधावा लागला. घरी पोचल्यावर ती टर्की उतरायलाच तयार होईना. मीच जाऊन समजूत काढली. मग गावानं भराभर पट्ट्याच्या तारा तोडून गाड्या डायरेक्ट केल्या. एकट्या माझ्या मित्रानं, आर्वोनं, केली नाही. "कायदा आहे," म्हणाला.

युहान्नुसच्या, म्हणजे जूनमधल्या भर उन्हाळ्याच्या सणाच्या दिवशी आम्ही फिनलंडवाले तळ्याकाठी मोठा जाळ पेटवतो. आर्वोला त्याची बायको आयली त्या जाळापाशीच भेटली होती. दोघं दरवर्षी याच गाडीतून जायची. ती गेली त्याला दोन वर्षं झाली. या युहान्नुसला दुपारी त्याचा फोन आला.

"वैक्को, सेल्फ उचलत नाही. संध्याकाळी तळ्यावर जायचंय."

"माझ्या ट्रकमधून चल."

"तुझ्या ट्रकला कुत्र्याचा वास येतो."

"लेका, कुत्रा कधीच मेला."

"वासाला कुणी सांगितलं नाही वाटतं."

गेलो. बॅटरी ठणठणीत. गियरचा दांडा न्यूट्रलला हलवून पाहिला, काही नाही. सेल्फच्या बारीक तारेला टेस्ट लॅम्प लावला, आर्वोनं किल्ली फिरवली. दिवा लागला नाही. म्हणजे सेल्फ बिचारा निर्दोष. वीज वाटेतच कुणीतरी अडवत होतं. समोर पट्ट्याचा लाल दिवा मात्र पेटलेला.

"माझा लावलाय की!" आर्वो चिडला.

मी शेजारच्या सीटखाली हात घातला. वजन ओळखणारं बटण गंजून दाबलेलंच राहिलं होतं.

"आर्वो, गाडीला वाटतंय, शेजारी कुणी बसलंय."

त्यानं किल्ली पुन्हा फिरवून पाहिली.

"पण हा शेजारचा पट्टासुद्धा लावलेलाच आहे?"

"खडखडतो. म्हणून लावून ठेवतो."

त्या मऊ कापडी पट्ट्याचं खडखडणं मला कधी ऐकू आलं नव्हतं. मी एवढंच सांगितलं, की लोक आधीच पट्टा अडकवून त्यावर बसायचे, म्हणून कारखान्यानं तारा अशा जोडल्या, की आधी माणूस बसावा, मग पट्टा लागावा. उलट झालं तर गाडी म्हणते, फसवताय.

"सीटखालचा प्लग काढतो. सीट रिकामी आहे हे गाडीला कळेल, कायमची कटकट गेली."

"आणि नाही काढलास तर?"

"तर दर वेळी निघताना हा पट्टा सोडायचा आणि नव्यानं लावायचा."

तो बाहीनं स्टिअरिंग पुसत राहिला, चकचकीत होईपर्यंत. आमच्याकडे जूनमध्ये ऊन मावळायचं नाव घेत नाही, पण त्या दिवशी तेही कंटाळलं असावं.

"प्लग राहू दे."

तो उतरला, वळसा घालून पलीकडे गेला, दार उघडलं. खटका दाबल्यावर पट्टा सर्रकन आत गेला आणि सीट उघडी पडली. आर्वो तिच्याकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, आता हा घरात जाणार. पण त्यानं पट्टा सावकाश ओढला, माणसाच्या पोटाभोवती येईल एवढा, आणि अडकवला.

गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. मी हात पुसून पुढचं दार उघडायला गेलो.

"मागं बस," आर्वो म्हणाला.

बसलो. आम्ही तळ्याकडे निघालो. मागच्या माणसानं पट्टा लावलाय की नाही, हे ना आर्वोनं विचारलं, ना त्या गाडीनं.