शेहेचाळीस इंची स्वेटर

पुरुषाची छाती ही राष्ट्राची तटबंदी आहे. जबलपुरातल्या चेरीतालच्या आखाड्यात शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर हे वाक्य गेरूनं लिहिलेलं होतं. त्याच भिंतीला लंगोट वाळत घालायची दोरी बांधलेली असल्यामुळे एरवी कुणाला ‘पुरुषाची’ आणि ‘आहे’ यापलीकडे काही वाचता येत नसे. बासष्टच्या ऑक्टोबरात चीनशी लढाई जुंपली, तेव्हा विष्णू उस्तादांनी लंगोट मागच्या अंगणात हलवले, आणि तटबंदीची बातमी लोकांना प्रथमच कळली.

श्रीरंग हर्षेला मात्र ती आधीपासून ठाऊक होती, कारण ती तटबंदी तो अंगावर घेऊनच हिंडत असे. मिसरूड फुटल्यापासून तो आखाड्यात जात होता. जोर, बैठका, मुदगल, आणि शहपुऱ्याकडच्या गवळ्याचं धारोष्ण दूध. उस्तादांच्या मते पुरुषाला पोट हवं. पोटाशिवाय पहिलवान म्हणजे पायाशिवाय इमारत. श्रीरंगला ते मान्य नव्हतं. त्याचं पोट सपाट, कंबर बारीक, खांदे दाराच्या चौकटीला विचार करायला लावणारे. दंड दुमडला की बेडकी अशी टुणकन वर येई की शेजारची पोरंटोरं ती बघायला रांग लावत. छाती शेहेचाळीस इंच. फुगवल्यावर किती, हे तो सांगत नसे, कारण न फुगवलेली ती कुणी पाहिलीच नव्हती.

तोफांच्या कारखान्यात तो फिटर होता. दोघांनी उचलायचा लोखंडी ठोकळा तो एकटा उचलून बाकावर ठेवी, आणि ठेवल्यावर आजूबाजूला बघे. लढाईमुळे पाळ्या लांबल्या होत्या, माणसं उभ्या उभ्या पेंगत होती, पण श्रीरंगच्या ठोकळ्याला बघणारे असायचेच. स्टोअरमधला दिवाकर तर मुद्दाम यायचा. दिवाकर म्हणजे खुंटीवर अडकवलेला सदरा. आत माणूस आहे हे तो बोलायला लागल्यावरच कळे.

“यार श्रीरंग, चीनवाल्यांना तुझा एक फोटो पाठवून देऊ,” दिवाकर म्हणे. “तिथूनच परत जातील, कसम से.”

श्रीरंगला यात थट्टेसारखं काही वाटत नसे.

नोव्हेंबर लागला तसं वस्तीतल्या मराठी मंडळाच्या महिला शाखेनं जवानांसाठी स्वेटर विणायचं ठरवलं. शाखेच्या अध्यक्ष सुहासिनीकाकू. लोकर आली, सुया आल्या, उत्साह तर घरोघरी होताच. अडलं ते मापावर. जवानाची छाती केवढी असते? या वस्तीत तोफांचे सुटे भाग बनवणारी, त्यांचे हिशेब ठेवणारी आणि ते रेल्वेनं रवाना करणारी माणसं प्रत्येक घरात होती. पण तोफेच्या मागे उभा राहणारा मुलगा एकाही घरात नव्हता. तेव्हा विचारायचं कुणाला?

“विचारायचं काय त्यात?” काकू म्हणाल्या. “आपला श्रीरंग आहे ना!”

त्याला बोलावणं गेलं. ओसरीवर बायांचा घोळका, मध्ये बनियनवर श्रीरंग, आणि त्याच्या छातीभोवती टेप घेऊन काकू.

“हात वर कर रे. हं. अगं बाई, टेपच पुरून नाही राहिली!”

“दोन इंच सैल धरा काकू,” श्रीरंग घोगऱ्या आवाजात म्हणाला. “जवानाला श्वास घ्यायला जागा लागते.”

“जवान म्हणजे असाच असला पाहिजे,” कुणीतरी मागून म्हणालं, आणि बाया एकसुरात हो म्हणाल्या. सगळे स्वेटर त्या मापावर पडले.

टेप गुंडाळताना काकूंना आणखी एक गोष्ट सुचली. रेल्वेच्या हापिसातले बापूसाहेब सोमण मुलीसाठी स्थळ बघत होते. मुलगी शैलजा, इंटर झालेली, दिसायला नीटस. श्रीरंगनं तिला दत्तमंदिरात दोनतीनदा लांबून पाहिलं होतं आणि तेव्हापासून तो मंदिरात जाताना घट्ट बाह्यांचा सदरा घालू लागला होता. काकूंनी नाव काढलं आणि त्याचे कान लाल झाले.

“पत्रिका आणून देऊ का?” त्यानं विचारलं.

“लढाईच्या दिवसांत पत्रिका कसल्या बघतोस! त्यांना म्हणते, मुलगा बघा, मुलगा! काय कमी आहे?”

आणि खरंच, काय कमी होतं? रविवारी दुपारी बापूसाहेबांकडे बैठक झाली. श्रीरंगनं नवा टेरिलीनचा बुशशर्ट घातला, जो त्याच्या अंगावर शिवल्यासारखा दिसत होता. आल्यापासून त्यानं छाती भरून घेतली ती सोडली नाही. त्यामुळे बोलणं कठीण झालं. शब्द बाहेर सोडायचा तर हवाही सोडावी लागते.

“पाळी कोणती असते?” बापूसाहेबांनी विचारलं.

“दिवसाची,” श्रीरंग एवढ्या किनऱ्या आवाजात म्हणाला की बापूसाहेबांनी दाराकडे पाहिलं.

शैलजा पोहे घेऊन आली, समोरच्या खुर्चीत बसली, दोन प्रश्नांना उत्तरं देऊन आत गेली. तेवढ्या वेळात श्रीरंगनं चहाचा कप तीनदा उचलला, कोपर खांद्याच्या रेषेत ठेवून, म्हणजे बाहीखाली काय चाललंय ते झाकून राहायला नको. घरी परतताना तो निश्चिंत होता. एवढं सगळं बघून नाही म्हणणारी मुलगी जबलपुरात अजून जन्मायची होती.

पुढच्या आठवड्यात जवानांची गाडी स्टेशनावर थांबणार असल्याचं कळलं. बाया पुऱ्या, भाजी, चहाच्या बादल्या आणि स्वेटरचे गठ्ठे घेऊन निघाल्या. गठ्ठे उचलायला श्रीरंग. गाडी आली, जवान भराभरा खाली उतरले, आणि काकूंच्या तोंडून “अगं बाई!” एवढंच निघालं.

पोरं होती ती. गालफडं बसलेली, मनगटं काडीसारखी, विशीतली, काही तर विशीच्या अलीकडची. पातळ कपड्यांत कुडकुडत होती. एकानं हात जोडून स्वेटर घेतला, डोक्यातून घातला, आणि तो त्याच्या गुडघ्यापर्यंत आला. शेजारच्यानं खालून मुंडी घालून त्याच स्वेटरात प्रवेश केला. दोघांची डोकी एका गळ्यातून बाहेर आली आणि सगळा फलाट खो खो हसू लागला.

“माताजी,” वरचं डोकं म्हणालं, “ये नाप किसका है?”

काकूंनी श्रीरंगकडे बोट दाखवलं. दोन्ही डोक्यांनी त्याला आदरानं आपादमस्तक पाहिलं.

“भाईसाहब कौन सी पलटन में हैं?”

“कारखाने में,” श्रीरंग म्हणाला.

“अच्छा,” जवान म्हणाला. त्या अच्छात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. श्रीरंगला उत्तर तरी देता आलं असतं. पोरांनी सगळे स्वेटर घेतले, पांघरायला होतील म्हणाले, आणि गाडी गेली.

परतीच्या टांग्यात बायांचे डोळे पुसणं चाललं होतं. “किती गं बारीक होती!” “आणि किती गोड! हाडं न् हाडं दिसून राहिली होती.” गठ्ठ्यांच्या रिकाम्या चादरी मांडीवर घेऊन बसलेल्या श्रीरंगकडे कुणी पाहिलं नाही. त्या दिवसापासून वस्तीत पुरुषाच्या देखणेपणाचं माप बदललं. दिवाकर नळावर पाणी भरायला आला की बाया थबकून म्हणू लागल्या, “अगदी जवानासारखा दिसतो नाही?” ज्याच्याकडे आजवर कुत्र्यानंही वळून पाहिलं नव्हतं, तो दिवाकर आता बनियनवर हिंडू लागला. उलट श्रीरंग गल्लीतून गेला की कुजबुज ऐकू येई: “एवढा देह पोसायचा म्हणजे खात असेल तरी किती! आणि तिकडे पोरं उपाशी.” जणू जवानांच्या तोंडचा घास काढून त्यानं तो दंडात लपवला होता.

आणि चारच दिवसांत काकूंनी त्याला दारातूनच सांगितलं, “बापूसाहेबांकडून नाही आलं रे. मुलीला पसंत नाही.”

“काय पसंत नाही?”

“ते मी काय सांगू? आजकालच्या मुली.” आणि काकू घाईघाईनं आत गेल्या.

सांगायला कशाला हवं होतं? सगळ्या वस्तीला कारण कळलं होतं. दिवाकरनं तर त्यावर डब्याच्या सुट्टीत व्याख्यानच दिलं.

“बुरा मत मान यार. मुलींना अंगापेक्षा डोळे लागतात. डोळ्यांत दुःख पाहिजे, थोडंसं. तुझ्या डोळ्यांपर्यंत कोणी पोचतच नाही, खांद्यातच अडकतात.”

“काल तटबंदी म्हणत होते,” श्रीरंग ओरडला, “आज गोदाम म्हणतात! दहा वर्षं, दिवाकर, दहा वर्षं पहाटे उठलो. सणाला पुरणपोळी मोजून खाल्ली. सिनेमा नाही, पान नाही, बहिणीच्या लग्नात जिलबीला हात लावला नाही. कोणासाठी? ह्याच लोकांनी सांगितलं, पुरुष असा पाहिजे. शाळेत मास्तर म्हणाले, मंडळात भाषणं झाली, भिंतीवर लिहून ठेवलं! मी केलं. अख्ख्या जबलपुरात मी एकट्यानं केलं. आणि आता ह्यांना काडीपैलवान आवडून राहिले? आवड बदलायची होती तर आधी सांगायला काय झालं होतं?”

“सांगतात का भैया कोणी,” दिवाकर म्हणाला, आणि श्रीरंगच्या डब्यातली अंडी त्यानं न विचारता घेतली.

बरोबर तर होतं श्रीरंगचं. लोकरीच्या गुंड्यावर निकाल देणाऱ्या या कोर्टात त्याला कुणी बाजू मांडू दिली नव्हती. म्हणून त्यानं रागारागानं निकालाची अंमलबजावणी केली. दूध बंद केलं, गवळी घरी येऊन विचारून गेला की म्हैस बदलू का. मुदगल माळ्यावर गेले. रात्री एक भाकरी. दंडातली बेडकी आधी मंदावली, मग दिसेनाशी झाली. पोरंटोरं येऊन निराश होऊन परत गेली. कारखान्यात ठोकळा उचलायला आता दोघं लागू लागले, आणि मेस्त्री चिडला: “लढाई थांबली म्हणून तूही थांबलास काय? काम कमी झालंय का?”

विष्णू उस्ताद एकदा चौकात भेटले. त्यांनी श्रीरंगचा दंड भाजीवाल्याकडची काकडी दाबावी तसा दाबून पाहिला आणि सोडून दिला.

“क्यों रे? बदन औरतों के लिए बनाया था?”

श्रीरंगनं तोंड उघडलं. शहराची शान, राष्ट्राची तटबंदी, असं बरंच काही जिभेवर आलं होतं. मग त्यानं तोंड मिटलं, कारण खरं उत्तर हो हेच होतं, आणि ते उस्तादांना द्यायला तो तयार नव्हता.

संक्रांत आली. तिळगूळ घेऊन कुणाच्याही घरी जायला या एका दिवशी कारण लागत नाही. संध्याकाळी श्रीरंग बापूसाहेबांच्या दारात उभा राहिला. तोच टेरिलीनचा बुशशर्ट, फक्त आता त्यात आणखी एकाची सोय झाली असती.

“या, या. तिळगूळ घ्या, गोड बोला,” बापूसाहेब म्हणाले.

“गोड नाही बोलणार मी,” श्रीरंग म्हणाला. आज छाती भरलेली नव्हती, त्यामुळे आवाज चांगला दणकून आला. “मला फक्त एक सांगा, बापूसाहेब. माझ्या शरीरात तुम्हाला काय खोट दिसली? चोरून आणलं होतं का मी ते? घामानं कमावलं होतं. मुलीला बारीक माणूस पाहिजे होता तर तोंडावर सांगायचं. लोकांनी नळावर माझी चेष्टा केली. त्या गाडीतल्या पोरांच्या मापानं मला मोजलं. हा काय न्याय झाला?”

बापूसाहेब गोंधळले. “कसलं माप? शैलजा! अगं, जरा बाहेर ये.”

ती तिळगुळाची वाटी घेऊन आली.

“हे विचारतात, यांच्या शरीरात तुला काय आवडलं नाही?”

शैलजानं आधी वडिलांकडे पाहिलं, मग श्रीरंगकडे. निवांतपणे पाहिलं, खालपासून वरपर्यंत.

“मला कुठं काय दिसलं त्या दिवशी? मान वर करायची नाही म्हणून आईनं बजावलं होतं. मला ह्यांचे मोजे दिसले.” तिनं वाटी वडिलांच्या हातात दिली. “काकू तर पहिलवान आहे म्हणत होत्या. लोक काय, काहीही सांगतात.”

श्रीरंगनं नकळत छाती भरून घेतली. बुशशर्टाला त्याची खबर लागली नाही.

“मग नाही कशाला म्हणालात?”

“अहो, तुम्हाला सुहासिनीबाईंनी सांगितलं नाही?” बापूसाहेब म्हणाले. “मी त्याच संध्याकाळी निरोप दिला होता. पत्रिका त्यांनी आधी मागितली असती तर तुम्हालाही खेटा पडला नसता. ते त्यांच्याकडून राहून गेलं, आता त्यांना बोलवत नसेल.” त्यांनी वाटी पुढे केली. “घ्या.”

हर्षे आणि सोमण, दोघांचं गोत्र एकच होतं.