भरतीआधीची उतरंड

दगडावर दगड ठेवून कुणाचं पोट भरतं, यावर त्याच्या थोरल्या भावाचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. दगडोबा हे नाव त्यानंच पाडलं. चेष्टेनं पाडलेलं नाव पुढे इतकं रूढ झालं की संग्रहालयवालेही लाडानं तेच म्हणू लागले.

पण पोट भरलं खरं. घर झालं, नाव झालं. काटक्या, पानं, चिखल, गोटे, हाताला लागेल ते घेऊन दगडोबा उघड्यावर कामं मांडायचा आणि वारा-पाणी ती मोडायचं. त्याचा हट्ट एकच. रानातलं नाही ते कामात येता कामा नये. दोरा नाही, खिळा नाही, सिमेंट नाही. पानाला पान जोडायचं तर काट्यानं टाचायचं, दगड बसवायचा तर त्याच्या स्वतःच्या वजनावर. काम पुरं झालं की बायको एक फोटो काढायची आणि मागे राहायचा तो तेवढाच.

त्याची लाडकी म्हणजे उतरंड. ओहोटीला किनाऱ्यावर चपटे दगड रचत जायचं, खाली निमुळती, मध्ये पोट सुटलेली, वर पुन्हा निमुळती. मग भरतीची वाट बघत बसायचं. पाणी यायचं, थोडा वेळ खेळायचं आणि सगळे दगड चहूकडे विखरून टाकायचं. दगडोबा तेव्हा पोरासारख्या टाळ्या पिटायचा. स्वतःच्या लग्नातही हा माणूस एवढा खूश नव्हता, असं बायको चारचौघांत सांगायची.

पुढे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि गोळ्यांनी काय होणार नाही तेही सांगून टाकलं. घरी येताना दगडोबा बायकोला म्हणाला, “ज्या दिवशी माझी उतरंड भरतीआधी ढासळेल, त्या दिवशी काम बंद. मग मला खुर्चीत बसव आणि वर चादर घाल.”

तो दिवस काही आला नाही. चमचा तोंडापर्यंत पोचेना, बटणं बायकोला लावून द्यावी लागत, पण उतरंडी मात्र उभ्या राहत होत्या. “दगड हातात आला की माझे हात शहाणे होतात,” तो येईल-जाईल त्याला सांगायचा. त्याच एका गोष्टीवर तो सकाळी अंथरुणातून उठत होता.

आज हातांनी फारच छळलं होतं. एकेक दगड दोनदा-तीनदा निसटला. तरी उतरंड उभी राहिली, मांडीइतकी उंच. बायकोनं फोटो काढला आणि चहाचा स्टोव्ह पिशवीत भरला.

“चला आता. वारा सुटलाय, छाती धरेल.”

“आज बघूनच जाणार.”

“काय बघायचंय त्यात? पडणारच आहे.”

“किती वर्षांत पडताना बघितलीच नाही. दरवेळी तू आधीच घरी ओढून नेतेस.”

तिनं कॅमेरा पिशवीत घातला, पुन्हा काढला, पुन्हा घातला.

पाणी आलं. पहिल्या लाटांना उतरंडीनं दाद दिली नाही तेव्हा दगडोबाला हातांचं कौतुक वाटलं. मग एक मोठी लाट आली आणि उतरंड आडवी झाली. पण विखुरली नाही. अख्खीच्या अख्खी आडवी पडून लाटेबरोबर मागेपुढे हलत राहिली.

दगडोबा बुटांसकट पाण्यात शिरला आणि वाकून त्यानं दोन दगडांच्या फटीत बोट घातलं. बोट चिकट झालं. नाकाशी नेलं तर ओळखीचा वास आला. रानात कामं करताना हीच राळ बोटांना बसायची आणि बायको तेल लावून ती काढून द्यायची.

“झाडाचीच आहे हो,” ती मागून म्हणाली. “तुमचा नियम मी मोडला नाही. तुम्ही पुढचा दगड शोधायला गेलात की स्टोव्हवर पातळ करायची. आधी एखाद्याच दगडाला लावावी लागायची. आज सगळ्यांना लावली.”

त्याला हसूच आलं आणि आलं तसं विरून गेलं. नियम पाळला होता बाईनं!

“तळ्याकाठची?”

“ती पण.”

“संग्रहालयाच्या अंगणातली?”

तिनं मानेनंच हो म्हटलं. त्या उतरंडीपुढे उभा राहून तो रडला होता, अजून हात शाबूत आहेत म्हणून.

“मग माझी शेवटची कुठली?”

“खाडीच्या तोंडाशी केलेली. तुम्ही वरचा दगड आणायला गेला होतात. पाठ वळली आणि ढासळली. पाणी अजून लांब होतं. मी घाईघाईनं पुन्हा रचली.”

दगडोबा तो दिवस आठवू लागला. दगड आठवेनात, पाणी आठवेना. चहाला उशीर झाला म्हणून आपण तिच्यावर करवादलो होतो, एवढंच आठवलं. शेवटचा दिवस येईल तेव्हा आपल्याला कळेल, आपण त्याच्या डोळ्याला डोळा भिडवू, असं त्यानं गृहीत धरलं होतं. आणि तो पाठीमागून कधीच येऊन गेला होता.

“म्हणजे मी केव्हाचाच घरी बसलोय,” तो म्हणाला. “मला तेवढं कुणी सांगितलं नाही.”

“सांगितलं असतं तर खरंच खुर्चीत बसला असतात. मला नसतं बघवलं.”

तिचे डोळे भरून आले होते. संतापानं त्याचं डोकं तडकलं. तिला तोडून टाकणारं काहीतरी बोलावं म्हणून तो पाण्यातून बाहेर आला. तेवढ्यात तिची नजर त्याच्या पायांकडे गेली. बुटाची नाडी सुटून ओल्या वाळूत लोळत होती. ती सवयीनं खाली बसली.

पाय मागे ओढून घ्यावा, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. पण नाडी बांधणं त्याच्या हातांना केव्हाच जमेनासं झालं होतं आणि घर लांब होतं. त्यानं पाय पुढे केला.