जवसाचं नाव

आमच्या रजनीनं लेकराकडे पाहणंच सोडलं होतं. दूध पाजायची अन् तोंड भिंतीकडे करायची. माह्या भावाची, मधुसूदनची, बायको ती. दोन पोरं वर्षाच्या आत गेलती तिची. दोघांची नावं मीच ठेवली होती, चांगली राजपुत्रासारखी. महाराष्ट्र झाला त्या हिवाळ्यात तिसऱ्याच्या बारशाले मी वणीत गेले, तर म्हणते, "ताई, नाव नका ठेवू. नाव ठेवलं का जाते."

"मग दगड्या ठेवू," मी म्हटलं. "यमालेही किळस आली पाहिजे." पोरं जगत नसली का आमच्याकडे असंच ठेवतात. पण मधुसूदन पडला बी.ए., दगड्या कसा चालंल त्याले? बसला फुगून.

बारशाच्या सकाळी त्याच्या ओळखीचा साहेब आला. राजूरच्या कोळसा खाणीत मशिनी बसवाले आलेला. मधुसूदन तिथंच हापिसात होता. सारे त्याले रशियन म्हणत. तो म्हणे, नाही, लिथुआनियाचा. नाव लीनस. हातात एक निळं फूल, वाटेतल्या शेताच्या धुऱ्यावरून तोडलेलं. "ये मेरा नाम," म्हणे.

पाह्यलं तर जवस! एवढा उंचपुरा बाप्या अन् नाव जवस. मले हसू आवरंना. पण तो मोडक्या हिंदीत सांगत गेला. त्याच्या मुलखात जवसाच्या धाग्याचं कापड विणतात. त्याच कापडात आईनं त्याले गुंडाळलं, अन् नावही तेच दिलं. सकाळी सारं शेत निळं, दुपारी पाकळ्या खाली, उद्या पुन्हा निळं. बोलता बोलता त्याच्या हातातल्या पाकळ्या पाळण्यात गळल्या. मले गुंगीच आली. वाटलं, घरात निळं पाणी भरून राह्यलं अन् पाळणा त्यावर हळूहळू चालला.

"आमच्या बाबांच्या वावरात गव्हाभोवती जवस पेरत," रजनी भिंतीकडूनच बोलली.

"काहून व?" मले ठाऊक होतं, तरी विचारलं.

"ढोरं तोंड लावत नाहीत त्याले. आतला गहू वाचते."

कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून मी पाळण्याकडे वाकले. रजनीनं माह्या आधी पोराले उचललं अन् त्याच्या कानात म्हणाली, "लीनस." मले राग यायले पाहिजे होता, आला नाही.

ती कितीतरी वेळ त्याच्या तोंडाकडे पाहत राह्यली. मग म्हणे, "ताई, नाक तुमच्यावर गेलं याचं."

मी तिथंच रडाले लागले.